शून्याचा एक

पुंता आरेनासला वारा असा, की चौकात दोर बांधतात
माणसांनी धरून चालावं म्हणून.
एका हाताने तो दोर, दुसऱ्या हाताने
लोकरीच्या घोंगडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर छातीशी,
असा डॉन एवारिस्तो माझ्या दुकानात आला.
एकतीस वर्षं धक्क्यावर क्रेन चालवलेला माणूस,
ओझं टेकवताना आवाज होऊ दिला नाही.

मी म्हटलं, गाणीच ना? तासाभरात करते कॉपी.
तो म्हणाला, गाणी कुठेही मिळतात, पोरी.
मला आकडे हवेत.

उघडलं तर पंख्यात धुळीचं अख्खं मेंढरू.
आत अकरा हजार दोनशे सहा गाणी,
प्रत्येकापुढे किती वेळा ऐकलं,
शेवटचं कधी ऐकलं,
आणि कुठे कुठे तारे. तीन, चार. एकाला अडीच.

हे गाण्यांच्या पोटात नसतं, लोकांना ठाऊक नसतं.
सगळं दुकान एकीकडे
आणि उधारीची वही गल्ल्याखाली, तशी
ती फाइल वेगळीच असते, आडबाजूच्या फोल्डरात, नखाएवढी.
माल नेला आणि वही राहिली
की नव्या जागी प्रत्येक गाणं कोरं करकरीत.
जणू कुणी कधी ऐकलंच नाही.

वही नेली. गाणी नेली.
आणि सगळ्यांपुढे उद्गारचिन्हं!
सापडत नाही, सापडत नाही, अकरा हजार वेळा सापडत नाही.
वहीत पत्ता होता डी ड्राइव्हचा,
नव्या यंत्राने बिऱ्हाडाला नाव दिलं ई.
एका अक्षराचा घोळ.
डॉन एवारिस्तो टोपी काढून उभा राहिला, इस्पितळात राहतात तसा.
मी दारावरची पाटी बदलली,
नव्या खोलीला जुन्याच खोलीचं नाव.
मग एकेक उद्गारचिन्ह मावळत गेलं.

तपासायला म्हणून तारखांनी लावून पाहिलं,
तर दोनशे बारा गाणी एका ऑगस्टमधली,
नऊ दिवसांतली.
त्यानंतर चार वर्षं त्यांना कुणाचा हात नाही.

मी विचारलं नाही. तोच बोलला, वायरींकडे बघत.
नेलीला डॉक्टरांनी सांगितलं होतं,
ऐकू येणं आता महिनाभराचं.
ती म्हणायची, पुढचं. मी लावायचो.
काही अर्ध्यातच थांबवायची,
हे पाठ आहे रे, वेळ नको घालवू.
अर्धी ऐकलेली यंत्र मोजत नाही.
ती यादीत नाहीत. ती मला आठवावी लागतात.
आणि यातलं एक जरी लावलं ना,
तर तारीख आजची होईल.

मला धंद्याचं बोलणं भाग होतं.
म्हटलं, मोजणी चालते की नाही बघायला
एक गाणं शेवटपर्यंत वाजवावं लागेल.
कुठलंही. पण एक.

बाहेर कुणाचा तरी पत्रा धाडधाड आपटत होता.
तो यादीत खाली उतरत गेला, खाली, अजून खाली,
कुणी न उघडलेल्या तळघरापर्यंत.
चिलोए बेटावरच्या मेव्हण्याने
स्वतः वाजवून पाठवलेलं अकॉर्डियन.
समोर शून्य.

साडेतीन मिनिटं.
तोंड वाकडं करून त्याने सगळं ऐकलं,
मीही ऐकलं, सुटका नव्हती.
तेवढ्यात पावाची पिशवी घेऊन नेली आत आली,
केस वाऱ्याने उभे,
स्क्रीन पाहिला नाही, नवऱ्याचं तोंड पाहिलं,
आणि ज्यांना स्वतःचा आवाज पोचत नाही
त्यांच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाली,
आमच्या ओस्वाल्दोचं लावलंयस ना?

शून्याचा एक झाला.
तिने वाकून तो एक पाहिला,
पाव तोडून आम्हा दोघांच्या हातात ठेवला
आणि म्हणाली,
तारे मात्र देऊ नकोस.